टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस

आयपीएलचा लिलाव सुरू झाला की आपल्या होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. कोण किती कोटींना गेला, कोणाच्या पर्समध्ये किती उरले, याची चर्चा मेसच्या रांगेपर्यंत चालते. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटींची मर्यादा होती. ही मर्यादा कोणी ठरवली, का ठरवली, असं मात्र कोणी विचारत नाही. नियम आहे, संपलं.

हा नियम क्रिकेटने शोधलेला नाही. संघाने खेळाडूंवर एकूण इतकेच पैसे खर्च करायचे, या कल्पनेला सॅलरी कॅप म्हणतात. कॅनडातल्या आईस हॉकीत ती १९१० साली लागू झाली होती. तिच्याविरुद्ध तेव्हा जो माणूस उभा राहिला, त्याची ही गोष्ट. त्याचं नाव आर्थर हॉवी रॉस, सगळे त्याला आर्ट रॉस म्हणत.

आईस हॉकीशी माझा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. काहीच नाही. मी बर्फ पाहिलाय तो फक्त मेसच्या डीप फ्रीजमध्ये. सेकंड इयरला मशीन ड्रॉइंगच्या सबमिशनसाठी चॅम्फर केलेल्या कडांची रोजच्या वापरातली उदाहरणं शोधत होते, तेव्हा हॉकीचा पक सापडला, आणि पकवरून हा माणूस. सबमिशन लेट झालं ते झालंच. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

रॉसचा जन्म १८८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर, ओंटारिओ प्रांतातल्या नॉटन या आडगावी झाला. हे गाव सडबरी शहराजवळ आहे. वडील हडसन्स बे कंपनीत होते, म्हणजे प्राण्यांच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचं तिथलं ठाणं सांभाळायचे. आजूबाजूला वस्ती मूळ रहिवाशांची, त्यामुळे लहान आर्ट इंग्रजीइतकीच ओजिब्वे भाषाही सफाईने बोलायचा. १८९६ मध्ये कुटुंब मॉन्ट्रियलला आलं. तिथे त्याला दोन दोस्त भेटले, लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक हे भाऊ. पुढे या तिघांनीही हॉकीच्या इतिहासात आपापली पानं लिहिली.

त्या काळी हॉकीत एका संघाकडून सात जण खेळत आणि बचावपटूचं काम ठरलेलं असे. पक अडवायचा आणि पुढच्या गड्यांकडे ढकलून द्यायचा. रॉस तसं करेना. पक मिळाला की तो स्वतःच घेऊन सुसाट पुढे निघायचा. अशी चाल करणाऱ्या पहिल्या काही बचावपटूंमध्ये त्याचं नाव घेतात.

१९०५ च्या सुमारास तो मॅनिटोबातल्या ब्रँडनला गेला. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी हॉकी. जानेवारी १९०७ मध्ये केनोरा नावाच्या छोट्याशा गावाच्या संघाला स्टॅनले कपसाठी मॉन्ट्रियलच्या वाँडरर्सशी दोन सामने खेळायचे होते. त्यांनी रॉसला त्या दोन सामन्यांपुरतं उसनं घेतलं आणि १,००० डॉलर दिले. त्याने गोल एकही केला नाही, पण चढाया सुरू करून दिल्या. केनोरा दोन्ही सामने जिंकलं. स्टॅनले कप जिंकणारं इतकं छोटं गाव त्यानंतर दुसरं झालं नाही.

दोन सामन्यांचे हजार डॉलर! रॉसला स्वतःची किंमत बहुतेक तेव्हाच कळली असावी. पुढच्या हंगामात तो त्याच वाँडरर्सकडे गेला आणि १९०८ मध्ये पुन्हा स्टॅनले कप जिंकला. लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगवेगळे संघ.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. १९०७ च्या उन्हाळ्यात वाँडरर्सचा मोठा खेळाडू हॉड स्टुअर्ट पाण्यात सूर मारताना अपघाताने गेला. मागे बायको आणि दोन लहान मुली. विमा नाही, पेन्शन नाही, काहीच नाही. २ जानेवारी १९०८ ला मॉन्ट्रियलमध्ये त्याच्या कुटुंबासाठी एक मदतसामना झाला. एका बाजूला वाँडरर्स आणि दुसऱ्या बाजूला इतर संघांतले निवडक खेळाडू. हॉकीतला पहिला ऑल-स्टार सामना म्हणून तो ओळखला जातो. रॉस त्यात खेळला. दोन हजारांहून जास्त डॉलर जमले. प्रेक्षक चांगले होते म्हणून त्या बाईंना पैसे मिळाले, हक्क म्हणून नाही. खेळाडू पगारावरून इतके का भांडत, हे मला या सामन्याबद्दल वाचल्यावर समजलं. हाडं मोडायच्या आत जे मिळेल तेवढंच आपलं, असा तो मामला होता.

आता मुख्य भांडण. डिसेंबर १९०९ मध्ये नॅशनल हॉकी असोसिएशन ही नवी लीग निघाली. तिच्यामागे खाणी आणि रेल्वेच्या धंद्यातून श्रीमंत झालेलं ओब्रायन घराणं होतं. त्यांना रेनफ्रू या आपल्या छोट्या गावात स्टॅनले कप आणायचा होता, मग पैसा पाण्यासारखा ओतला. सायक्लोन टेलर या खेळाडूला बारा सामन्यांचे ५,२५० डॉलर दिले. रॉसला हेलीबरी या खाणींच्या गावाच्या संघाने घेतलं, २,७०० डॉलरला, आणि हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा.

हंगाम संपला आणि मालकांनी हिशेब केला. सगळेच तोट्यात. तिकिटं विकून हे पगार निघणार नव्हते. मग १९१०-११ च्या हंगामाआधी सगळे मालक एकत्र बसले आणि ठरवलं, की यापुढे कोणत्याही संघाने सर्व खेळाडूंवर मिळून ५,००० डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. संघात साधारण दहा जण धरले, तर प्रत्येकी सुमारे ५०० डॉलर. आदल्या वर्षी २,७०० मिळवणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं असेल? प्लेसमेंटला सगळ्या कंपन्यांनी आधी एकमेकांना फोन करून पॅकेज ठरवलं, तर आपल्याला जे वाटेल तेच.

रॉस गप्प बसला नाही. ओटावाच्या ब्रूस स्टुअर्टसारखे खेळाडूही त्याच्यासोबत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रेक्षक आम्हाला बघायला येतात, मग आमची किंमत तुम्ही बंद खोलीत बसून कशी ठरवता? त्यांनी आपलीच लीग काढायची तयारी सुरू केली. खेळाडू होते, नाव होतं, प्रेक्षक आले असते. पण एक गोष्ट नव्हती. बर्फ! मॉन्ट्रियलमधली मैदानं मालकांच्या हातात होती आणि ती भाड्याने मिळेनात. मैदानाशिवाय लीग काढणार कुठे? बंड तिथेच बसलं. खेळाडू मुकाट्याने परत आले आणि रॉसने वाँडरर्सशी करार केला.

मला वाटतं या सगळ्या गोष्टीतला खरा धडा हा आहे. नुसतं कौशल्य हातात असून भागत नाही. ज्या जागेवर ते दाखवायचं, ती जागा कोणाकडे आहे हे आधी बघावं लागतं.

चार वर्षांनी रॉसने पुन्हा तेच केलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये तो नव्या लीगसाठी खेळाडूंना करारबद्ध करायला लागला. लीगचे अध्यक्ष एमेट क्विन यांनी त्याला संघटित हॉकीतूनच निलंबित केलं. नवी लीग काही उभी राहिली नाही आणि रॉसने परत घेण्यासाठी अर्ज केला. आता मालकांची पंचाईत झाली. रॉसला शिक्षा द्यायची, तर त्याच्याकडे सही केलेल्या सगळ्यांनाच द्यावी लागणार, मग खेळणार कोण? डिसेंबरमध्ये निलंबन मागे घेतलं. हरलेल्या लढाईत हा एवढा विजय त्याने मिळवला, तोही एकटा नसल्यामुळे. वाँडरर्सनी मात्र त्याला सोडून दिलं.

तो ओटावाला गेला. त्या हंगामाच्या शेवटी ओटावाची गाठ पडली वाँडरर्सशीच. त्यांचे पुढचे खेळाडू फार वेगवान. रॉसने गोलसमोर तीन बचावपटू एका ओळीत आडवे उभे केले, जणू दाराला अडसर. दोन सामन्यांत मिळून ओटावा ४-१ ने जिंकलं. पुढे स्टॅनले कपच्या लढतीत मात्र त्यांना व्हँकूव्हरने हरवलं, आणि व्हँकूव्हरचा कर्ताकरविता होता बालमित्र फ्रँक पॅट्रिक.

नोव्हेंबर १९१७ मध्ये जुनी लीग बाजूला ठेवून मालकांनी मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात नॅशनल हॉकी लीग स्थापन केली. तीच आजची एनएचएल. पहिले अध्यक्ष फ्रँक काल्डर. रॉस पुन्हा वाँडरर्सकडे होता. पण २ जानेवारी १९१८ ला मॉन्ट्रियलचं मैदान आगीत खाक झालं. हॉड स्टुअर्टच्या कुटुंबासाठी सामना झाला त्यालाही बरोबर दहा वर्षं झाली होती, मैदानही तेच. वाँडरर्स संघ बंद पडला आणि रॉसची खेळाडू म्हणून कारकीर्दही संपली. एनएचएलमध्ये त्याच्या नावावर तीन सामने आणि एक गोल, बस्स.

यानंतर त्याने पंच म्हणून काम केलं, १९२२-२३ मध्ये हॅमिल्टन टायगर्सचा कोच झाला. आणि १९२४ मध्ये त्याचं आयुष्य बदललं. बोस्टनचे चार्ल्स अ‍ॅडम्स, किराणा दुकानांच्या साखळीचे मालक, यांनी १५,००० डॉलर भरून एनएचएलचा अमेरिकेतला पहिला संघ विकत घेतला. मॅनेजर आणि कोच म्हणून त्यांनी रॉसला बोलावलं. संघाचे रंग ठरले तपकिरी आणि पिवळा, अ‍ॅडम्सच्या दुकानांचे रंग. नाव ठेवलं बोस्टन ब्रुइन्स.

म्हणजे मालकांशी दोनदा भांडलेला माणूस आता मालकांच्या बाजूच्या खुर्चीत बसला.

१ डिसेंबर १९२४ ला पहिला सामना झाला. समोर मॉन्ट्रियल मरून्स, तोही नवाच संघ. बोस्टन २-१ ने जिंकलं. पण हंगाम संपला तेव्हा ३० सामन्यांत ६ विजय आणि २४ पराभव! लीग मोठी झाली की नव्या संघाच्या वाट्याला दुसऱ्यांनी नको म्हटलेले खेळाडू येतात, हे तेव्हाही खरं होतं.

त्याच हंगामात आणखी एक गोष्ट घडली. सामने २४ वरून ३० झाले होते, पगार मात्र तेवढेच. गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या हॅमिल्टनच्या खेळाडूंनी प्रत्येकी २०० डॉलर जास्त मागितले आणि मिळेपर्यंत पुढे खेळणार नाही असं सांगितलं. काल्डर यांनी त्यांना निलंबित करून दंड ठोकला. संघ मोडला आणि खेळाडू ७५,००० डॉलरला न्यूयॉर्कच्या नव्या संघाला विकले गेले. हॅमिल्टनमध्ये एनएचएल पुन्हा आली नाही. यातले काही खेळाडू दोन वर्षांपूर्वी रॉसच्या हाताखाली खेळलेले. आता त्यांचा संप मोडला जात होता आणि रॉस दुसऱ्या बाजूच्या एका संघाचा मॅनेजर होता. त्या दिवशी त्याला काय वाटलं असेल, हे जाणून घ्यायला मला फार आवडलं असतं.

लीग भराभर वाढली. १९२५ मध्ये न्यूयॉर्क आणि पिट्सबर्ग, १९२६ मध्ये न्यूयॉर्कचा दुसरा संघ, शिकागो आणि डेट्रॉइट. दोन वर्षांत सहाचे दहा संघ झाले. इतके खेळाडू आणायचे कुठून? योग असा, की १९२६ मध्येच पॅट्रिक बंधूंची पश्चिमेकडची लीग बंद पडली आणि तिकडचे खेळाडू बाजारात आले. बोस्टनला त्यातून एडी शोअर मिळाला. दांडगा, रागीट आणि अफाट बचावपटू. आपला बालमित्र कोसळला आणि त्याच्या ढिगाऱ्यातून रॉसचा संघ उभा राहिला, असंच म्हणावं लागेल.

१९२९ मध्ये ब्रुइन्सनी पहिला स्टॅनले कप जिंकला. १९२९-३० च्या हंगामात तर ४४ सामन्यांत ३८ विजय, ५ पराभव, १ बरोबरी. टक्केवारीत तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पण गंमत बघा, त्या वर्षी अंतिम फेरीत ते हरले. पुढे १९३९ मध्ये रॉस कोच असताना आणि १९४१ मध्ये तो मॅनेजर असताना ब्रुइन्सनी पुन्हा कप जिंकला.

आता आपल्या कामाचा भाग. जुन्या गोलच्या जाळीवरून पक आत जाऊन इतक्या झटकन बाहेर उडायचा की पंचांना गोल झाला की नाही ते कळायचंच नाही. रॉसने जाळीचा मागचा आकार बदलला. वरून पाहिलं तर इंग्रजी बी अक्षरासारख्या दोन कमानी, पक आत अडकून राहील अशा. लीगने १९२७ मध्ये ती स्वीकारली आणि ती १९८४ पर्यंत वापरात होती. पकचंही तसंच. नैसर्गिक रबराऐवजी कृत्रिम रबर वापरलं आणि कडा तिरक्या कापल्या, म्हणजे तो बर्फावर फार उसळत नाही. हाच माझा चॅम्फर! डिग्री नाही, वर्कशॉपचं जर्नल नाही, पण रोज समोर दिसणारा प्रॉब्लेम घेऊन बसायचा आणि तो सुटेपर्यंत सोडायचा नाही.

डोकंही तसंच चाले. २६ मार्च १९३१ ला मॉन्ट्रियल कॅनेडियन्सविरुद्ध संघ १-० ने मागे होता. रॉसने शेवटच्या मिनिटाला गोलकीपर टायनी थॉम्प्सनला बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी एक जास्तीचा आक्रमक खेळाडू पाठवला. गोल उघडा! सामना ते हरलेच, पण आज मागे पडलेला प्रत्येक संघ शेवटच्या मिनिटांत हेच करतो.

मग मंदी आली. प्रेक्षक घटले आणि १९३२ मध्ये लीगने पुन्हा तेच जुनं औषध काढलं, सॅलरी कॅप. संघाला ७०,००० डॉलर, एका खेळाडूला जास्तीत जास्त ७,५०० डॉलर. पुढे हे आकडे आणखी कमी झाले. १९१० मध्ये ज्या नियमाशी रॉस भांडला होता, त्याच नियमात आपल्या खेळाडूंचे करार बसवायचं काम आता मॅनेजर म्हणून त्याच्याच वाट्याला आलं. आणि तरीही संघ वाचले नाहीत. १९२६ मध्ये दहा असलेली लीग १९४२ मध्ये सहा संघांची उरली, आणि १९६७ पर्यंत सहाच राहिली.

मग रॉस ढोंगी होता का? मी यावर बराच विचार केला. १९१० मध्ये मालक खरंच तोट्यात होते, हे खोटं नव्हतं. खेळाडूंना विचारल्याशिवाय पगार ठरवले, हेही खोटं नव्हतं. पहिल्या खुर्चीतून त्याला एक सत्य दिसलं, दुसरीतून दुसरं. चूक अशी की दोन्ही सत्यं एकत्र बसून बोलतील अशी जागाच नव्हती. १९५७ मध्ये टेड लिंडसे आणि डग हार्वे यांनी खेळाडूंची संघटना काढायचा प्रयत्न केला, तो मालकांनी मोडून काढला आणि लिंडसेची रवानगी तळाच्या शिकागो संघाकडे झाली. अखेर १९६७ मध्ये संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी लीगही सहाची बारा संघांची झाली.

कॅप पुन्हा आली ती २००५ मध्ये. त्याआधी २००४-०५ चा आख्खा हंगाम वादात रद्द झाला होता. संघाला ३.९ कोटी डॉलर अशी मर्यादा ठरली. पण यावेळी फरक होता. आकडा लीगच्या उत्पन्नाशी बांधलेला, वरच्या मर्यादेसारखीच खालचीही मर्यादा, आणि करारावर खेळाडूंच्या संघटनेची सही. उत्पन्न वाढलं की पगार वाढणार. २०२५-२६ च्या हंगामात ही मर्यादा ९.५५ कोटी डॉलर झाली, आणि २०२१ पासून लीगमध्ये ३२ संघ आहेत. खेळाडूंना विचारून ठरवलेली कॅप टिकली. बंद खोलीत ठरवलेली टिकली नव्हती.

रॉस १९५४ मध्ये निवृत्त झाला आणि ५ ऑगस्ट १९६४ ला बोस्टनजवळ मेडफर्डला वारला. त्याने आणि त्याच्या दोन मुलांनी दिलेला आर्ट रॉस करंडक १९४७-४८ च्या हंगामापासून सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या खेळाडूला दिला जातो. वेन ग्रेट्स्कीने तो दहा वेळा जिंकला. ज्याच्या नावाचा करंडक, त्याचा एनएचएलमधला गोल एकच!

शेवटी घरची एक गोष्ट. माझे बाबा एका कारखान्यात होते. सुरुवातीला युनियनमध्ये होते, नंतर सुपरवायझर झाले. ज्या वर्षी पगारवाढीची बोलणी झाली, त्या वर्षी त्यांना मॅनेजमेंटच्या बाजूला बसावं लागलं. त्या दिवाळीत फराळाला नेहमीचे काका लोक आले नाहीत. बाबा काही बोलले नाहीत, चिवड्याचे डबे तसेच राहिले. मी लहान होते, मला वाटायचं बाबांनी पार्टी बदलली. रॉसबद्दल वाचलं आणि पहिल्यांदा बाबांना फोन करून विचारलं, तेव्हा नक्की काय झालं होतं. ते तासभर बोलले. फार वर्षांनी.

पुढच्या वर्षी आपल्यातले बरेच जण कंपन्यांसमोर बसतील आणि पॅकेज किती ते विचारतील. जरूर विचारा, घाबरू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा, की दहा-पंधरा वर्षांनी समोरच्या खुर्चीत आपल्यापैकीच कोणीतरी असेल, आणि तेव्हा आजचा हा प्रश्न त्याला आठवायला हवा.